मुख्याध्यापकाची खुर्ची आणि आपण

शाळेचा मुख्याध्यापक आपल्या समाजाचा असला म्हणजे आपल्या मुलांचा प्रश्न सुटला, असे आपण समजतो. उलट असे मुख्याध्यापक खाजगीत म्हणतात, "खुर्ची मिळाली, पण शब्दाला वजन नाही." या दोन्ही समजुती तपासून पाहणे आवश्यक आहे.

प.पू. डॉ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. परंतु पुढे साताऱ्याच्या शाळेत त्यांच्याच मुलाला गोणपाटावर वेगळे बसावे लागले. हुद्द्याचा प्रभाव छावणीच्या फाटकाशीच संपला. मात्र रामजींनी मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसविले, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणले. तोच मुलगा १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला.

अमेरिकेतही असाच धडा मिळतो. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकाल न्यायाचाच होता. परंतु दक्षिणेकडील राज्यांत शाळा एकत्र करताना काळ्यांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि आपल्या वस्तीचे आधारस्तंभ असलेल्या कितीतरी काळ्या मुख्याध्यापकांच्या खुर्च्या गेल्या. तात्पर्य, खुर्ची दुसऱ्याच्या हातात असते. घडविलेली मुले मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग मुख्याध्यापकाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. बारामती-इंदापूर भागात गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांसाठी ऊसतोड कुटुंबे येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही किंवा मुदत संपली, म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा स्वतः कोपीवर जात नाही. मुख्याध्यापक गेला, तरच मूल हजेरीपटावर येते.

आमचाच अनुभव सांगतो. जातीच्या दाखल्याअभावी आमचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला होता. आमचे मुख्याध्यापक संध्याकाळी सायकलवर वस्तीत आले, वडिलांना म्हणाले, "उद्या कामाचा खाडा करा, पण माझ्याबरोबर तहसीलला चला." त्या दिवशी वडिलांची मजुरी बुडाली. तो फॉर्म गेला नसता, तर आज आम्ही बँकेच्या काउंटरच्या या बाजूला बसलो नसतो. गावात सरांचा शब्द चालत नव्हता, हेही आम्ही पाहिले आहे. तरी आमच्या घरात तो कायमचा चालला.

म्हणून मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो, आपला प्रभाव ग्रामसभेत मोजू नका, हजेरीपटावर मोजा. आणि पालकहो, त्यांना एकटे सोडू नका. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, त्यांत वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान आहे. त्या जागा घ्या, बैठकीला जा, बोला. मुख्याध्यापकाच्या शब्दाला वजन यायचे, ते आपल्या हजेरीनेच येईल.