स्पितीत शिरायचं ते किन्नौरकडून

ठाण्या-डोंबिवलीहून स्वतःची गाडी काढून स्पितीत तंबू ठोकायला जाणाऱ्यांना मी कळकळीनं एकच सांगतो. आत शिरा सिमला-किन्नौरकडून, बाहेर पडा मनालीकडून. उलटं नको.

चंद्रताल सरोवराजवळच्या तळावर आमच्या शेजारी एमएच ०५ची गाडी होती. कल्याणची पोरं, पावसाळाभर सह्याद्रीत भटकणारी, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेली. आदल्या रात्री मनालीत झोपून अटल बोगद्यातून थेट वर आलेली. मनाली २,००० मीटर, चंद्रताल ४,२०० च्याही वर. तिथं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन आपल्या खाडीकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास. रात्री त्यांच्यातला सगळ्यांत दणकट मुलगा ओकायला लागला, डोकं फुटतंय म्हणाला. गाडी लागली असेल, झोपू दे, असं मित्रांचं मत पडलं. मध्यरात्री तो बाहेर आला तो झोकांड्या खात. "दादा, मी प्यायलेलो नाही हो," म्हणाला.

विरळ हवेत असा तोल जाऊ लागला की मेंदूला सूज येतेय असंच धरून चालायचं. अशा माणसाला झोपू देणं जिवावर बेतू शकतं. तळावरच्या लोकांनी सिलिंडरचा ऑक्सिजन लावला आणि त्याच रात्री त्याला बातल-छत्रूमार्गे खाली नेलं. रात्रीच्या गारठ्यात बर्फ वितळत नाही, ओढ्यांचं पाणी ओसरलेलं असतं, म्हणून गाडी निघू शकली. तेच दुपारी रस्त्यावरून पाणी लोंढ्यानं वाहतं. तो वाचला. पण बातल ते ग्रांफू हे पन्नासेक किलोमीटर दगडगोट्यांतून अंधारात काढताना त्या पोरांचं काय झालं असेल, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कळसूबाई १,६४६ मीटर. तिथला दम इथं कामाला येत नाही. शरीराला इथं दिवस द्यावे लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. किन्नौरची वाट काझापर्यंत तो आपोआप पाळते: नारकंडा, कल्पा, मग ताबो ३,२८० वर, मग काझा ३,६५० वर. पुढची चढण ५०० मीटरहून जास्त आहे, म्हणून काझात दोन रात्री काढा, मगच कुंझुम खिंड ओलांडून चंद्रतालला. आठवड्याच्या रजेत हे बसत नाही. तेवढीच रजा असेल तर त्या वर्षी सांगला-कल्पा करून परत या. तो भागही सुरेख आहे.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. दुकानातले ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नका. थंडी कितीही असो, बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही; तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, ती पाळा. चंद्रताल रामसर पाणथळ आहे. जुलै २०२३मध्ये अवेळी बर्फ पडून सुमारे तीनशे जण तिथं काही दिवस अडकले होते, म्हणून औषधं आणि कोरडा खाऊ जास्तीचाच ठेवा. वर सीएनजी मिळत नाही. काझात पेट्रोलची टाकी पूर्ण भरा, आणि चंद्रतालहून मनालीकडे निघायचं ते उजाडता उजाडता, ओढे भरायच्या आत.