राखणदारांची भाकरी

बालमित्रांनो,

या वेळच्या भित्तिपत्रकात मी तुम्हाला आरोग्याचा एक पाठ देत आहे. पाठ जरा लांब आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांनी तो स्वतः वाचावा आणि धाकट्यांना सोपा करून सांगावा. घरी आई, आजी, चुलती यांनाही वाचून दाखवावा. स्वयंपाक त्याच करतात ना!

एचआयव्ही म्हणजे काय?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शेताला जसा राखणदार, तशा या पेशी शरीराच्या राखणदार आहेत. बाहेरून रोगजंतू आले की त्या त्यांना ओळखतात आणि मारतात. एचआयव्ही हा विषाणू मोठा लबाड आहे. तो पीक सोडून थेट राखणदारालाच धरतो. सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत तो शिरतो, तिथे आपली संख्या वाढवतो आणि शेवटी ती पेशी मरते. राखणदार कमी झाले की साधा खोकला, साधे जुलाबसुद्धा हटत नाहीत. क्षयासारखे रोगही गाठतात.

लहान मुलांना हा विषाणू बहुतेक वेळा आईकडून येतो. गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. यात मुलाचा काही दोष नाही आणि आईलाही बोल लावण्याचं कारण नाही. आईला वेळेवर औषध सुरू झालं तर बाळाला लागण होण्याचा धोका अगदी कमी होतो.

या विषाणूला शरीरातून कायमचं घालवणारं औषध रोजच्या उपचारात अजून आलेलं नाही. पण त्याची वाढ थोपवणारं औषध आहे. त्याला एआरटी म्हणतात. सरकारी केंद्रांत ते २००४ सालापासून फुकट मिळतं आणि मुलांसाठी २००६ साली वेगळी मोहीम सुरू झाली. या रोगाचा अभ्यास करण्यासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात, भोसरीला, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. रोज वेळच्या वेळी औषध घेणारी मुलं तुमच्यासारखीच शाळा शिकतात, मोठी होतात, कामधंदा करतात.

मग जेवणाचा विषय कशाला? तेच तर आज सांगायचं आहे. औषध विषाणूला थोपवतं, पण नवे राखणदार तयार व्हायचे ते जेवणातूनच.

चिमूटभर, पण अडवणारं

भाकरी, भात, साखर, तेल यांतून ताकद मिळते. डाळी, दूध, अंडी यांतून अंग भरतं. हे पदार्थ आपण मुठीने आणि वाटीने मोजतो. पण जीवनसत्त्वे आणि क्षार फार थोडे लागतात. म्हणून त्यांना सूक्ष्म पोषकद्रव्ये म्हणतात.

एक हिशेब करू. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ६ मिलिग्रॅम जस्त लागतं. वर्षाचे दिवस ३६५. गुणाकार केला तर २१९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमच्या थोडं वर. चार-पाच शेंगदाण्यांचं वजन तेवढं असतं, बरं का! पण वर्षभरात तेवढं मिळालं नाही तर मुलाची उंची खुंटते, जुलाब वारंवार होतात, जखमा लवकर भरत नाहीत.

या मुलांना तुटवडा का पडतो?

कारणे चार आहेत.

पहिलं, तोंड येतं, घशात पांढरा थर बसतो. तिखट भाजी नको वाटते. घास कमी जातो.

दुसरं, जुलाबातून जस्त आणि इतर क्षार वाहून जातात. आतड्याला सूज असली तर खाल्लेलं नीट अंगी लागत नाही.

तिसरं, शरीर सतत लढत असतं, त्यामुळे ऊर्जा जास्त खर्च होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे लागण झालेलं मूल वरून ठणठणीत दिसत असलं तरी त्याला सुमारे १० टक्के ऊर्जा जास्त लागते. म्हणजे इतरांना दहा घास, तर याला अकरा. आजारपणात आणि आजारातून उठताना २० ते ३० टक्के जास्त, म्हणजे बारा-तेरा घास. वजन घटत असेल तर याहूनही पुष्कळ जास्त.

चौथं कारण घरचं. आई-वडील आजारी किंवा हयात नसतात. मूल आजी-आजोबांजवळ असतं. मजुरी बुडाली की आधी भाजी, दूध आणि अंडं बंद होतं. भाकरी-चटणी तेवढी राहते.

यातून रहाटगाडगं सुरू होतं. तुटवडा पडला की राखणदार दुबळे, राखणदार दुबळे की आजार, आजार आला की जेवण कमी आणि तुटवडा आणखी. हे रहाटगाडगं थांबवायचं तर औषध आणि ताट दोन्हीकडून हात घालायला हवा.

कोण काय काम करतं?

*अ जीवनसत्त्व.* डोळे, श्वासनलिका आणि आतडी यांच्या आतल्या अस्तराची काळजी घेतं. हे अस्तर म्हणजे शेताचा बांध. बांध फुटला की जंतू आत आलेच. टांझानियातील दार-एस-सलाम येथे न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झालेल्या मुलांवर एक अभ्यास झाला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्हीची लागण असलेल्या ज्या मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस दिले, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. आपल्या अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा डोस देतात. तो चुकवू नये. लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, मेथी, तांदुळजा यांतून हेच मिळतं. भाजीला थोडं तेल असावं, म्हणजे ते अंगी लागतं.

*जस्त.* नव्या पेशी तयार करायला लागतं. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथे ९६ बाधित मुलांवर झालेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना सहा महिने रोज १० मिलिग्रॅम जस्त दिलं. त्यांना पाण्यासारखे जुलाब कमी झाले आणि विषाणू वाढला नाही. तीळ, शेंगदाणे, हरभरा, मटकी, अंडी, मटण यांत जस्त असतं.

*लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२.* हे तिघे मिळून रक्त तयार करतात. बाजरी, हुलगा, मटकी, हिरव्या भाज्या यांतून लोह आणि फोलिक आम्ल मिळतं. ब-१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असतं. उजनीच्या पाण्यातली चिलापी आणि रोहू भिगवण, इंदापूरच्या बाजारात येतात. ज्यांच्या घरी चालतात त्यांनी खावेत.

*आयोडीन.* बुद्धी आणि वाढ यांसाठी लागतं. आयोडीनयुक्त मीठ वापरलं की काम झालं. मात्र मिठाचा डबा झाकून ठेवा.

उसाच्या पट्ट्यातली लपलेली भूक

आपले बारामती आणि इंदापूर तालुके म्हणजे नीरा कालव्याचं पाणी आणि ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे साखर कारखाने. आणि सुप्याकडे, मोरगावकडे गेलं की जिरायती रान, बाजरी आणि ज्वारी. कुठे पाणी जास्त, कुठे कमी. पण लपलेली भूक दोन्हीकडे सापडते. पोट भरलं म्हणजे पोषण झालं, असं होत नाही. उसात साखर भरपूर, पण अ जीवनसत्त्व नाही आणि जस्त नावालाच. बिस्किटाच्या पुड्याचंही तसंच.

मी वर्गात विचारतो, सकाळी काय खाऊन आलात? बहुतेक हात "चहा-चपाती"ला वर होतात. चहातला तुरट अंश जेवणातलं लोह आतड्यात अडवून धरतो. म्हणून जेवणाबरोबर चहा नको. त्याऐवजी भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्या, नंतर पेरू खा. लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व लोह अंगी लावायला मदत करतं. इंदापूरचे पेरू गाड्या भरून बाहेर जातात. त्यातला एक आपल्या पोरांच्या हातीही पडू दे!

मटकी, हुलगा रात्री भिजवून मोड आणले की त्यांतलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. यासाठी पैसा लागत नाही, फक्त आदल्या रात्री आठवण लागते. परसात एक शेवगा आणि चार वेल भोपळ्याचे असले तर बाजारही नको.

तोंड आलेल्या मुलाला तिखट देऊ नये. मऊ खिचडी, ताकातली ज्वारीची आंबील, दूध-भात, कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्यावं. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी उकळून गार केलेलं. अंडं कच्चं नको.

गोळ्यांबद्दल

कोणी म्हणेल, मग शक्तीच्या गोळ्या दुप्पट देऊ या. तसं करू नये. ताकद जास्त लागते, पण जीवनसत्त्वं आणि क्षार इतर मुलांना लागतात तेवढेच लागतात. फक्त त्यांत खंड नको. युगांडात बाधित मुलांना दुप्पट मात्रा देऊन पाहिली. २०१० साली निष्कर्ष आले. दुप्पट मात्रेने जास्त मुलं वाचली असं दिसलं नाही.

रक्त कमी असण्याची कारणंही वेगवेगळी असतात. कधी लोह कमी, कधी पोटात जंत, तर कधी झिडोव्हुडिन नावाच्या औषधाचा परिणाम. कारण शोधायचं काम डॉक्टरांचं.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी. डोलुटेग्राविर नावाचं औषध आता पुष्कळ मुलांना देतात. त्याच्याबरोबर उपाशीपोटी लोह, कॅल्शियम किंवा जस्ताची गोळी घेतली तर औषध अंगी कमी लागतं. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत, नाहीतर लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर औषध घ्यावं. शाळेत लोहाची गोळी मिळते तेव्हाही हे सांभाळावं. केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. आणि कोणी कितीही सांगितलं की अमुक काढा घे, अमुक फळ खा, तरी औषध बंद करू नये. सकस जेवण औषधाच्या जोडीला असतं, औषधाच्या जागी नाही.

आपल्या पंगतीत कोण आहे?

तुम्ही विचाराल, "गुरुजी, आपल्या शाळेत असं कोणी आहे का?" याचं उत्तर मी देणार नाही, आणि तुम्ही शोधायचंही नाही. २०१७ साली यासाठी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला शाळेतून काढता येत नाही, वेगळं बसवता येत नाही आणि त्याची माहिती त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगता येत नाही. लातूर जिल्ह्यातील हासेगावला २००९ साली अशा मुलांच्या शाळेत येण्याला पालकांनी विरोध केला होता. तसं आपल्याकडे कधी होऊ नये.

एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, कबड्डी खेळताना अंगाला अंग लागल्याने हा विषाणू पसरत नाही. डासामुळेही नाही. शाळेच्या खिचडीत मोड आलेली मटकी आणि शेवग्याचा पाला पडला तर तो सगळ्यांच्याच ताटात पडतो. लागण असलेल्या मुलाला जे हवं, तेच रक्त कमी असलेल्या मुलीला हवं, कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला हवं आणि तुम्हालाही हवं. म्हणून कोणाचं नाव न विचारता सगळ्यांचं ताट चांगलं करता येतं. वेगळं ताट वाढलं की मूल ओळखू येतं आणि लाजून उपाशी उठतं.

कोणाला माहिती हवी असेल तर १०९७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

स्वाध्याय

१. काल दिवसभर काय खाल्लं ते वहीत लिहा. त्यात हिरवी भाजी किती वेळा आली?

२. दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागतं. वर्षाला किती ग्रॅम होईल?

३. तुमच्या शिवारात फुकट मिळणाऱ्या पाच पालेभाज्यांची नावे आजीला विचारून लिहा.

४. कारण सांगा: जेवणाबरोबर चहा पिऊ नये.

५. चूक की बरोबर? "सकस जेवण मिळालं की एचआयव्हीचं औषध बंद करता येतं."

उत्तरं लिहून शनिवारी सकाळच्या शाळेत मला दाखवा.

— तुमचे गुरुजी