हंगामातील शेतकाम आणि लहान मुलांचा सांभाळ

खरिपाची आखणी करताना बियाणे, खते, औते व मजूर यांचा हिशेब शेतकरी मृग नक्षत्रापूर्वीच करून ठेवतो. घरातील तान्ह्या व रांगत्या मुलांकडे त्या काळात कोण पाहणार, हा हिशेब मात्र बहुधा खुरपणीस निघताना दारात उभ्या उभ्या केला जातो. भातलावणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची असून ती सकाळपासून सायंकाळपर्यंत आणि आठवडेच्या आठवडे चालतात. त्या अवधीत मुलाची सोय कोठे करावी हे मुलाचे वय आणि कामाचे तास या दोन गोष्टी पाहून ठरवणे अगत्याचे आहे.

सहा महिन्यांपर्यंतच्या बालकास आईच्या दुधाखेरीज काहीही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा, द्यावयाचे नसते. अशी माता कामावर जाणारच असेल तर बाळ तिच्या हाकेच्या अंतरावर असले पाहिजे. बांधावरील झाडास झोळी बांधण्याची रीत त्यातूनच आलेली आहे. दोष झोळीत नाही. झोळीजवळ कोणी नसते, हा खरा दोष होय. झाडाची सावली तासा-दोन तासांत सरकते, झोळी मात्र जागच्या जागी राहते. बाळ निजून राहावे म्हणून गुंगी आणणारी गोळी चाटवणे हे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

मूल रांगू लागले की शेत त्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचे होते. कठडा नसलेली विहीर सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. परंतु प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा धोका तितका ध्यानात येत नाही. ओल्या अस्तरावरून घसरलेल्या मोठ्या माणसासही वर चढणे कठीण जाते, मग मुलाची कथा काय! तळ्याभोवती कुंपण घातलेले नसेल तर त्या शेतात मूल नेऊ नये.

आजी घरी आहे म्हणजे प्रश्न सुटला, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. मायेच्या दृष्टीने आजीला तोड नाही हे खरे. तथापि तिची दृष्टी आणि तिचे गुडघेही पाहावयास हवेत. धावत्या वयाची तीन मुले आणि शिवाय स्वयंपाक एका वृद्धेवर सोपवणे, हा तिच्यावर व मुलांवरही अन्याय होय.

आजी नसेल तेथे हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे जाते. घरादारास ही व्यवस्था फुकटची वाटते. वस्तुतः तिची किंमत मुलीच्या शाळेतून वसूल होत असते. हंगामात बुडालेले पाठ पुढे भरून निघत नाहीत आणि काही वर्षांत शाळाच सुटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ साली बोर्डी येथे सुरू झाले आणि १९५७ साली कोसबाडच्या आदिवासी मुलखात गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. धाकटे भावंड शेजारीच सुरक्षित असल्यामुळे मोठ्या बहिणीस पाटी हाती घेता येई. ज्या गावी शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात आहेत, तेथे या प्रयोगाचा विचार आजही करण्यासारखा आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आहार व शाळापूर्व शिक्षण मिळते. परंतु ती दिवसाचे काही तासच भरते, आणि तीन वर्षांखालील मुलांना तेथे दिवसभर ठेवण्याची सोय सर्वसाधारणपणे नसते; त्यांचा आहार घरी दिला जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ साली केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली पाळणा योजना आखण्यात आली. तीत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या गावी तशी सोय आहे किंवा कसे, याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे पेरणीपूर्वीच करावी.

ती नसल्यास सावडीचा मार्ग उरतो. बैलांची व माणसांची सावड गावाला नवी नाही. मुलांच्या सांभाळाची सावडही तशीच करता येते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास एका स्त्रीस त्यांच्या सांभाळासाठी नेमावे, अशी तरतूद करण्यात आली होती. खुरपणीच्या टोळीने तोच कित्ता गिरवावा. दहा जणींपैकी एकीने मुले सांभाळावी व उरलेल्या नऊ जणींनी तिची मजुरी वाटून भरावी. मजुरी ३०० रुपये धरल्यास प्रत्येकीस सुमारे ३३ रुपये पडतात. शेतमालकाने यातील निम्मा भाग उचलल्यास कामात खंड पडत नाही आणि त्याचाही लाभच होतो. सांभाळणारी रोज बदलू नये. लहान मुलांना ओळखीचा चेहरा लागतो. जागा वस्तीतील पक्क्या ओसरीची, पाण्यापासून दूर व औषधांच्या डब्यांपासून वेगळी निवडावी. तान्ह्या बाळांच्या मातांना त्या आठवड्यात जवळच्याच शेतातील काम द्यावे, म्हणजे त्यांना मधून मधून येऊन पाजता येईल.

फवारणी चालू असलेल्या वा नुकत्याच झालेल्या शेतात कोणत्याही वयाचे मूल नेऊ नये. अशा शेतातून परतलेल्या स्त्रीने प्रथम साबणाने हातपाय धुवावेत, लुगडे बदलावे व मगच बाळास जवळ घ्यावे. ते लुगडे मुलांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावे, आणि औषधाची रिकामी बाटली पाणी भरण्यासाठी घरात आणू नये.