क्रोमबुक, व्हीपीएन आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी पळच काढणार होते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मुरबाडला घरी आजीशी भांडण्यापुरती मराठी फर्डी आहे, पण लिहायची वेळ फारशी आली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र लगेच सुचला, कारण त्याने गेल्या सेमिस्टरला आमच्या रूमची झोप उडवली होती.

झालं असं. माझ्या रूममेटने सेकंडहँड क्रोमबुक घेतलं. हे हलके, बहुतेक सगळं काम ब्राउझरमध्येच करणारे लॅपटॉप २०११ साली बाजारात आले. कमी रॅममध्येही भागतं आणि बॅटरी टिकते, म्हणून हॉस्टेलवाल्यांना परवडतात. वाय-फाय सगळ्यांचं एकच, म्हणून सेफ्टीसाठी तिने एक फुकट व्हीपीएन एक्स्टेंशन टाकलं. पुढे शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली आणि पोर्टल काही उघडेना. दोन दिवस आम्ही सर्व्हरच्या नावाने बोटं मोडली. शेवटच्या रात्री माझं लक्ष कोपऱ्यातल्या चिन्हाकडे गेलं. मॅडम कागदोपत्री नेदरलँड्समध्ये बसल्या होत्या! काही सरकारी साइट्स परदेशी पत्त्यावरून येणाऱ्याला दारातच अडवतात. एक्स्टेंशन बंद केलं, पोर्टल उघडलं, आणि बारा वाजायला वीस मिनिटं असताना फॉर्म गेला.

खरी भीती नंतर वाटली. त्या एक्स्टेंशनच्या परवानग्या उघडल्या, तर त्यात लिहिलं होतं: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. आधीचे तीन आठवडे तिने आधार नंबर, बँकेचा पासवर्ड, सगळं याच ब्राउझरमध्ये भरलं होतं. तिचे बाबा टेम्पो चालवतात, आणि फीचे पैसे त्याच खात्यात होते. रात्री दोनपर्यंत आम्ही पासवर्ड बदलत बसलो. सुदैवाने आजवर काही गेलेलं नाही. पण त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले.

व्हीपीएन म्हणजे नक्की काय?

शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पाइपलाइन आपल्या गावांशेजारून जाते, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघत तिच्याकडे बघत बसतो! आत काय वाहतंय ते वाटेवरच्या कुणाला दिसत नाही. पण पाइप संपतो तिथे बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. व्हीपीएन हा असाच पाइप. तुमच्या लॅपटॉपपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत माहिती कुलूपबंद जाते, आणि पुढे ती त्या कंपनीच्या हाती पडते.

म्हणजे व्हीपीएनने भरवसा ठेवायची गरज संपत नाही. आधी तो वाय-फायवाल्यावर ठेवायचा, आता व्हीपीएनवाल्यावर. माझ्या मते सगळ्या लेखाचं सार एवढंच आहे.

शिवाय आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर चालतात. त्यामुळे कँटीनच्या वाय-फायवर तुमचा पासवर्ड कुणाला सहज दिसत नाही, फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं. मग व्हीपीएन कधी हवं? ते कळू नये असं वाटत असेल तेव्हा, अनोळखी फुकट वाय-फायवर, किंवा एखाद्या संस्थेची ऑनलाइन लायब्ररी बाहेरून वापरायची असेल तेव्हा. शेवटच्या बाबतीत ती संस्थाच व्हीपीएन देते, आपण निवडायचा प्रश्नच नाही.

निवडताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, फुकट असेल तर खर्च कोण भागवतं? फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन अॅप लोक सुरक्षेसाठी वापरायचे आणि त्यांच्या वापराची माहिती फेसबुकला मिळायची. याच प्रकरणात २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. याउलट प्रोटॉन व्हीपीएनची फुकट योजना पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालते. डेटाची मर्यादा नाही, मात्र देश आपल्याला निवडता येत नाही.

दुसरी गोष्ट, सर्व्हर कुठे आहे? एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे नोंदी ५ वर्षं ठेवाव्यात. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा यादीत 'इंडिया' दिसलं तरी खरं मशीन परदेशात असू शकतं. मग आसनगावहून कल्याणला जायला कसारा-नाशिक फिरून गेल्यासारखं होतं, आणि स्पीड मार खातो.

क्रोमबुकवर बसवायचं कसं?

आधी सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोमओएस' उघडून अपडेट्स कधीपर्यंत मिळणार ते बघा. २०२१ पासूनच्या मॉडेल्सना १० वर्षं मिळतात. सेकंडहँड मशीनची तारीख उलटून गेली असेल तर व्हीपीएन लावणं म्हणजे मोडक्या दाराला भारी कुलूप. नंतर तीन वाटा आहेत.

१. एक्स्टेंशन: फक्त ब्राउझरपुरतं चालतं. अँड्रॉइड अॅप्स त्याच्या बाहेरच राहतात. परवानग्या वाचल्याशिवाय टाकू नका.

२. प्ले स्टोअरवरचं अँड्रॉइड अॅप: आपल्यासाठी सगळ्यात सोपं. ब्राउझर आणि अँड्रॉइड अॅप्स, दोन्ही पाइपातून जातात.

३. क्रोमओएसमधली सोय: सेटिंग्ज, नेटवर्क, 'अॅड कनेक्शन', मग व्हीपीएन. ओपनव्हीपीएन, एल२टीपी, आयकेईव्ही२ किंवा वायरगार्ड यांतून प्रकार निवडा आणि कंपनीने किंवा संस्थेने दिलेली माहिती रकान्यांत भरा. मी वायरगार्ड घेतलं, कारण ते सुटसुटीत आणि वेगवान आहे. प्रायव्हेट की मात्र कुणाच्याही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, ती म्हणजे घराची किल्ली.

शेवटी तपासणी. व्हीपीएन बंद असताना आपला आयपी पत्ता गूगलला विचारून कागदावर लिहा, चालू करून पुन्हा विचारा. दोन्ही सारखे आले तर काहीतरी चुकलंय. लिनक्स टर्मिनल वापरणाऱ्यांनी तिथेही वेगळं तपासावं.

आणि हो, भारतात व्हीपीएन वापरणं हा मुळात गुन्हा नाही, पण त्याआडून केलेला गुन्हा गुन्हाच राहतो. हॉस्टेलचे नियमही पाइपातून वाहून जात नाहीत, रेक्टर सर हा लेख वाचणार आहेत!

रूममेटची शिष्यवृत्ती पुढे जमा झाली. तिने मला आसनगाव स्टेशनबाहेर वडापाव खिलवला. आता सरकारी पोर्टल किंवा बँक उघडायच्या आधी ती व्हीपीएन चालू आहे की बंद ते बघते, आणि नवीन काही टाकायच्या आधी मला विचारते, "पलीकडच्या टोकाला कोण बसलंय गं?" तुम्हीही विचारत जा.