डोमकळी उठावदार दाखवणारा पुठ्ठ्याचा चष्मा

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, दाणादाण उडवली. अळी बोंडात शिरली की बाहेरून सहसा पत्ता लागत नाही. तिला गाठायचं ते फुलातच. अळीने पाकळ्या आतून जाळ्याने बांधलेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. छापील चित्रात ती सपाट दिसते. शाळेत किंवा शेतीशाळेत तिचा उठाव दाखवायला हा चष्मा करा. गूगलने २०१४ मध्ये आणलेल्या ‘कार्डबोर्ड’चंच हे साधं रूप आहे.

साहित्य: जाड पुठ्ठा, ४५ मिमी नाभीय अंतराची दोन सारखी बहिर्वक्र भिंगं, डिंक, कटर, रबर, मोबाईल.

आधी भिंगं तपासा. लांबच्या खिडकीची प्रतिमा कागदावर स्पष्ट पडेपर्यंत भिंग मागेपुढे करा; भिंग आणि कागद यांतलं अंतर म्हणजेच नाभीय अंतर. मोबाईल आडवा मावेल असा डबा करा. पुढच्या बाजूला दोन भोकं पाडा, त्यांच्या मध्यांत सुमारे ६३ मिमी अंतर ठेवा. मुलांसाठी थोडं कमी. भिंगं बसवा. मोबाईलवर प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र असेल; म्हणून मधोमध उभा पडदा हवाच, नाहीतर एका डोळ्याला दोन्ही चित्रं दिसतील. मोबाईल भिंगांपासून साडेचार सेंटिमीटरच्या किंचित आत धरा, चित्र स्पष्ट झालं की रबराने बांधा.

खरी कसोटी फोटोची. डोमकळीपासून ३० सेंटिमीटरवर एक फोटो काढा, मग मोबाईल न वळवता १ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा. सरकवायचं अंतर वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं. वारा पडलेला असावा. फूल हललं तर जोडी वाया जाते. फोटो जोडणाऱ्या ॲपमध्ये पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवा. डोमकळी दोन्हीत आपापल्या मध्यावर यावी आणि मोबाईलच्या पडद्यावर त्या दोन मध्यांतलं अंतर ६० मिमीच्या आसपास असावं. दुहेरी दिसलं तर चित्रं जरा जवळ आणा. शेजारी निरोगी फुलाचीही जोडी दाखवा, फरक तिथेच कळतो.

लहान मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली, एकदोन मिनिटंच दाखवा. चष्मा उन्हात ठेवू नका. भिंगातून एकवटलेलं ऊन पुठ्ठा पेटवू शकतं.

लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी पात्या-फुलं धरू लागली की शेतात डोमकळ्या शोधा आणि सापडतील तेवढ्या तोडून अळीसह नष्ट करा.