मोठी बंदूक

माणदेशातील आमचे म्हसवड गाव माण नदीच्या काठी वसले आहे. पाऊस बेताचा, माळ विस्तीर्ण आणि माळावर चरणारे मेंढरांचे कळप, असा हा मुलूख. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस येथे श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. त्या सुमारास गाव यात्रेकरूंनी फुलून जातो आणि भिरभिरी, पिपाण्या, फुगे, टिकल्यांची पिस्तुले यांनी खेळण्यांची दुकाने गजबजतात.

एका यात्रेस माझा नातू पुण्याहून आला, तो एक भलेमोठे खोके घेऊनच. त्यात स्पंजाचे बाण उडविणारी, मोटरीवर चालणारी बंदूक होती. ती उभी केली म्हणजे नातवाच्या कमरेला लागे. मध्यभागी ५० बाणांची गोल पेटी होती. ती चालू होताच घुमल्यासारखा आवाज होई आणि एकामागून एक बाण सुटत. आळीतील सारी मुले भोवती जमली.

त्यांत शेजारच्या मेंढपाळाचा मुलगा होता. त्याने स्वतः चारून वाढविलेले कोकरू वडिलांनी बाजारात विकले होते आणि पैसे त्याच्याच हाती दिले होते. तो बराच वेळ मुकाट्याने पाहत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, यात्रेत अशीच बंदूक विकायला आली आहे. घेण्याजोगी आहे का?”

प्रश्न सरळ होता, पण उत्तर सोपे नव्हते. ‘घे’ म्हणावे, तर मुलाच्या कष्टाचे पैसे जाणार. ‘घेऊ नकोस’ म्हणावे, तर ते वस्तू न पारखताच बोलणे होणार. मी म्हटले, “आपण तिची परीक्षा घेऊ. कागद आणि पेन्सिल आण.”

प्रथम ती चालते कशी, हे आम्ही पाहिले. मुलांनो, तुम्ही गुऱ्हाळातील चरक पाहिला असेल. त्याच्या फिरत्या लाटांमध्ये ऊस धरला की तो आत ओढला जातो आणि पलीकडे बाहेर पडतो. या बंदुकीतही तसेच आहे. पहिली कळ दाबताच मोटरींवरील दोन चाके एकमेकांच्या उलट दिशांनी गरगर फिरू लागतात. ती पुरती वेगात आल्यावर चाप ओढला, की मागून एक बाण त्या चाकांमध्ये ढकलला जातो. चाके त्याला चिमटीत धरून पुढे भिरकावतात. प्रत्येक बाण चाकांचा थोडा वेग घेऊन जातो. म्हणून घाईने बाण सोडले, किंवा सेल उतरू लागले, की बाण जवळच पडू लागतात.

नंतर पल्ल्याची परीक्षा झाली. खोक्यावर २७ मीटर असा आकडा छापला होता. आम्ही शाळेमागच्या पटांगणात फितीने अंतर मोजले. नळी जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि अगदी सपाट धरली. बाण दहा मीटरही गेले नाहीत! नातू हिरमुसला. “आजोबा, बंदूक बिघडली का?” त्याने विचारले.

ती बिघडली नव्हती. सव्वा मीटर उंचीवरून कोणतीही जड वस्तू जमिनीवर पडण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. अशा बाणाचा वेग सेकंदास साधारण २० मीटर असतो. मग अर्ध्या सेकंदात तो किती जाईल? फार तर दहा मीटर. शिवाय बाण हलका असल्यामुळे हवा त्याचा वेग झपाट्याने कमी करते. नळी तिरपी वर धरली, की बाण अधिक वेळ हवेत राहतो आणि पुष्कळ लांब जातो. खोक्यावरचा आकडा खोटा नसेल. पण तो नेम धरून मारण्याचा नव्हे, आकाशाकडे उडविण्याचा होता.

आता खरी गंमत पुढेच आहे. नातवाजवळ एक जुनी, लहान बंदूक होती. तिला मोटर नाही. हाताने दट्ट्या मागे ओढावयाचा आणि चाप दाबताच स्प्रिंगच्या जोराने हवा बाणाला बाहेर ढकलते. तिचा बाणही मोठ्या बंदुकीच्या बाणापासून हातभर अंतरावरच पडला. मुले थक्क झाली. कारण साधे आहे. खेळण्यातील बाणाचा वेग मुलांच्या सुरक्षिततेसाठी मर्यादित ठेवावा लागतो. त्यामुळे बंदुकीचा आकार वाढला, तरी बाणाचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. वाढते ती बाणांची संख्या!

आणि संख्येलाही किंमत द्यावी लागते. ५० बाण उडण्यास एक मिनिटही लागले नाही; ते वेचण्यात मात्र बराच वेळ गेला. काही बाभळीच्या काट्यांत अडकून फाटले, काही सापडलेच नाहीत. सेल घातल्यावर बंदूक इतकी जड झाली, की थोड्याच वेळात नातवाचे हात भरून आले. परंतु तिचा गुणही लपवून चालणार नाही. दोन गट करून मुले धावली, लपली, पोट धरून हसली. तो आनंद आम्ही कागदावर पहिल्या ओळीत लिहिला.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची होती. १९७० साली अमेरिकेत ‘नर्फ’ नावाचा स्पंजाचा चेंडू विक्रीस आला. घरात खेळूनही दिवे व काचा फुटू नयेत, हा त्यामागील हेतू. पुढे तशाच मऊ पदार्थाचे बाण निघाले. परंतु मऊ म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. सेकंदास २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, अर्थात धावत्या एस.टी. गाडीचा वेग. अंगाला तो फटका फारसा लागणार नाही. डोळ्याचे तसे नाही. लंडनच्या एका नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली अशा बाणांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत एक ११ वर्षांचा मुलगा होता. सुदैवाने तिघांचीही दृष्टी परत आली.

प्रत्येकाचे दैव असे नसते. मी तुमच्याएवढा असताना बेचकीने चिंचा पाडीत होतो. एकदा खडा फांदीवर आपटून उलटला आणि माझ्या सोबत्याच्या डोळ्याला लागला. डोळा राहिला, पण त्या डोळ्याने त्याला पुढे कधी स्पष्ट दिसले नाही. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणूनच ती गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

हे ऐकून मुले गंभीर झाली. आम्ही नियम लिहिले : तोंडाकडे नेम धरावयाचा नाही, चश्मा घातल्यावाचून खेळावयाचे नाही, टोक कठीण असलेले बाण वापरावयाचे नाहीत. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने आवश्यक झाले आहे. ते चिन्ह पाहिल्यावाचून खेळणे घेऊ नये.

मेंढपाळाच्या मुलाने विचारले, “गुरुजी, मग घेऊ की नको?”

मी म्हणालो, “कागद तुझ्याजवळ आहे आणि पैसेही तुझेच आहेत.”

दुसऱ्या दिवशी तो कागद खिशात घालून यात्रेत गेला. त्याने दुकानदाराला तीन प्रश्न विचारले : आयएसआय चिन्ह कोठे आहे? सुटे बाण मिळतात का? एकदा चालवून दाखवाल का? “घ्यायची तर घे,” एवढेच उत्तर मिळाले. तो धाकट्या बहिणीसाठी एक भिरभिरे घेऊन परत आला. उरलेले पैसे त्याने डब्यात ठेवले. पुढेमागे तो बंदूक घेईलही. पण ती मोठी आहे, एवढ्याचसाठी घेणार नाही.

स्वाध्याय

१. शब्दार्थ : पल्ला – बाण पोहोचतो ते अंतर, दट्ट्या – नळीत मागेपुढे सरकणारा दांडा, निरुपद्रवी – इजा न करणारा.

२. उत्तरे लिहा :
(अ) बंदुकीच्या चाकांना चरकाची उपमा का दिली आहे?
(आ) खोक्यावरील आकडा आणि मोजलेले अंतर यांत फरक का पडला?
(इ) गुरुजींनी ‘घे’ किंवा ‘नको’ असे स्पष्ट का सांगितले नाही? तुम्हांला ते योग्य वाटते काय?

३. वाक्यांत उपयोग करा : फुलून जाणे, हिरमुसणे, थक्क होणे.

४. तुमच्या घरातील एखादी वस्तू निवडून तिची अशीच परीक्षा घ्या. गुण व दोष दोन रकान्यांत लिहून वर्गात वाचून दाखवा.