वर्षभराच्या सदराचे दप्तर

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याने जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एका साप्ताहिकात दर शुक्रवारी स्वतःच्या नावाचे सदर लिहावयास घ्यावे, ही गोष्ट माझ्या स्नेह्यांना जितकी कौतुकाची वाटली तितकीच ती मला सोपी वाटली होती. कारण उभी हयात फेरफार, पंचनामे, जबाब आणि अहवाल लिहिण्यात गेल्यामुळे लेखणीचा परिचय जुना होता, आणि आता तर विषय आपला, मत आपले, वर हुकूम कोणाचा नाही, एवढ्या सवलतीवर वर्ष सहज निभावेल असा माझा होरा होता. वर्ष निभावले, परंतु ज्या आत्मपर लेखनाकडे आपण त्याला बंधन नाही म्हणून ओढले जातो, त्यालाच कचेरीच्या शिस्तीची गरज सर्वांत अधिक असते, असे माझे पक्के मत त्या वर्षाने बनविले. याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्याची ही कैफियत.

एकट्याने, ठरल्या मुदतीत आणि स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत राहणे मराठीला नवीन नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी सरकारी नोकरीत असतानाच, वयाच्या पंचविशीत, 1848 पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहावयास आरंभ केला. ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जात असली तरी संख्येने 108 आहेत. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली, आणि तिच्या 84 अंकांचा बहुतेक सारा भार त्यांच्या एकट्याच्या लेखणीने वाहिला. या दोघांची मते एकमेकांशी किती विरोधी होती हे सर्वश्रुत आहे, किंबहुना मालेतले पुष्कळसे प्रहार लोकहितवादींवरच आहेत. पण आपल्याला समाजाशी नेमके कोणते भांडण मांडावयाचे आहे याविषयी दोघांच्याही मनात संदेह नव्हता, आणि म्हणूनच त्यांना पुढल्या अंकात काय लिहावे याची विवंचना पडली असेल असे वाटत नाही. आपणांसारख्या सामान्यांनी एवढे तरी करावे की, संपादकांना होकार कळविण्यापूर्वी विषयांची फेरिस्त तयार करावी, प्रत्येक विषयासमोर आपले म्हणणे एका वाक्यात लिहून पाहावे, आणि ज्या विषयासमोर ते वाक्य उमटत नाही तो निःसंकोचपणे खोडून टाकावा. जे उरेल ते थोडे वाटेल. तेवढ्यावरच सदराची मुदत ठरवावी. वर्षाऐवजी सहा महिन्यांचे सदर मागून घेण्यात कमीपणा नाही.

शिलकेत निदान एक महिन्याचे लेख असल्याशिवाय पहिला लेख छापावयास देऊ नये, कारण आजारपण, घरचे कार्य आणि गावची यात्रा यांना शुक्रवार ठाऊक नसतो. शिल्लक संपली म्हणजे लेखक पंचांगाकडे वळतो. ज्येष्ठात वटपौर्णिमा, आषाढात वारी, श्रावणात तर सणांची रांगच, भाद्रपदात गणपती आणि आश्विनात दसरा, असा हा राजमार्ग आयता तयार असतो आणि त्यावर चालताना आपण लिहीत आहोत असा भासही होतो. परंतु पंचांग उघडे ठेवून लिहिलेले सदर पुढच्या वर्षी तारीख बदलून जसेच्या तसे छापता येते, आणि काही साप्ताहिके ते छापतातही.

आता छापखान्याच्या व्यवहाराविषयी. वृत्तपत्राचा स्वभाव असा की, ऐन वेळी जाहिरात आली आणि जागा अपुरी पडली म्हणजे मजकूर शेवटाकडून कापला जातो. बातमीदाराने महत्त्वाचे ते आरंभी सांगितलेले असते म्हणून त्याचे काही बिघडत नाही, पण निबंधकाराने सारी मांडणी करून, वाचकाला बोट धरून नेऊन, जो मुद्दा अखेरच्या परिच्छेदासाठी राखलेला असतो तोच नेमका कात्रीखाली सापडतो. माझ्या एका लेखात शासनाच्या योजनेची स्तुती तेवढी छापली गेली आणि ‘परंतु’पासून पुढचा भाग जागेअभावी गळाला, त्यामुळे मी निवृत्तीनंतर कोणत्या पदाची अपेक्षा धरून आहे, अशी पृच्छा दोघातिघांनी केली. यावर उपाय दोन आहेत. दिलेल्या शब्दमर्यादेच्या आतच राहावे हा पहिला, आणि संपादकांना कापावेच लागले तर काय कापावे याची खूण आपणच लेखावर करून द्यावी हा दुसरा, जो मला अधिक भरवशाचा वाटतो.

अक्षरजुळणीचे संकट निराळे आहे. लेखकाने युनिकोडमध्ये टंकलेखन केलेला मजकूर पाने लावणाऱ्या मुलाकडे जाऊन जुन्या फॉन्टात उतरतो, आणि त्या उतरण्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वा-यावर’ असा मधोमध फाटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मुलाचा यात दोष नाही. त्याच्यासमोर चार पाने आणि हाताशी एक तास असतो. छपाईपूर्वी पानाची पीडीएफ मागवून घ्यावी, ती मोबाईलवर मोठी करून वाचावी, आणि प्रत्येक लेखाची आपली मूळ प्रत व छापील कात्रण तारखेनिशी जपून ठेवावे.

मात्र ज्या ठिकाणी मी अधिक थांबणार आहे ते आप्तजनांचे प्रकरण. आत्मपर लिहावयाचे म्हणजे स्वतःविषयी लिहावयाचे अशी समजूत असते, परंतु मनुष्याचा ‘स्व’ कधीच एकटा राहत नसतो. त्याच्या आसपास बायको, मुले, भाऊबंद, शेजारी आणि जुने सहकारी बसलेले असतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही सदर लिहावयास घेतलेले नसते. आमच्या घराण्यातील जमिनीच्या वाटणीचा एक जुना दावा, त्यात वडिलधाऱ्यांनी दाखविलेला हट्ट आणि औदार्य, यांवर मी गावाचे व माणसांचे नाव बदलून एक लेख लिहिला. ज्या तालुक्यात बांधावरचे बाभळीचे झाडही लोकांना मालकाच्या नावाने ठाऊक असते, तेथे नाव बदलण्याने काय झाकणार! चुलतभाऊ अंक घेऊन आला आणि एवढेच म्हणाला, “दादा, तू खोटं एक अक्षर लिहिलं नाहीस, पण ते घरातलं होतं.” तो लेख वर्षातील सर्वांत चांगला होता हे माझे मत आजही कायम आहे, आणि चुलतभावाचा अबोलाही. त्यानंतर सौभाग्यवतींनी हुकूम काढला, “अहो, माझ्या माहेरचं काही छापायचं असेल तर आधी मला वाचून दाखवायचं,” आणि तो मी सर्वच माणसांना लागू केला. ज्याच्याविषयी लिहिले त्याला लेख आधी वाचून दाखवावा; तो ‘हे गाळ’ म्हणाला तर गाळावे; आणि वाचून दाखविण्याचे धैर्य होत नसेल तर लेख छापावयास देऊ नये.

येथे कायद्याचाही संबंध येतो, आणि सदर लिहिणारे बहुतेक लोक त्याविषयी गाफील असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 अन्वये अब्रुनुकसानी हा गुन्हा असून त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा अशी आहे. ‘मी खरे तेच लिहिले’ एवढा बचाव तेथे पुरत नाही. ते खरे असून शिवाय सार्वजनिक हिताचे होते असेही दाखवावे लागते. मृत व्यक्तीवरील आरोप जर तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केला असेल तर तोही या व्याख्येत येऊ शकतो, आणि उपरोधाने केलेले विधान केवळ उपरोध म्हणून सुटत नाही. विनोदी लेखकांनी हे शेवटचे कलमातील स्पष्टीकरण अवश्य वाचावे. नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या सेवेचे वर्तणूक नियमही पाहून ठेवावेत.

वर्षाच्या अखेरीस एका प्रकाशकांनी निवडक लेखांचे पुस्तक करण्याची इच्छा दर्शविली, आणि त्याबरोबर साप्ताहिकाच्या मालकांनी निरोप धाडला की, लेख आमच्या अंकात आले, सबब ते आमच्या मालकीचे. मानधन म्हणून मला मिळाले होते ते वर्षभराचे अंक. कॉपीराइट अधिनियम, 1957 याविषयी पुरेसा स्पष्ट आहे: लेखाचा प्रथम स्वामी लेखक असतो, वृत्तपत्राच्या पगारी नोकरीत राहून लिहिलेल्या मजकुराचीही मालकी, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्रात प्रसिद्धी देण्यापुरतीच मालकाकडे जाते, हक्क दुसऱ्याला द्यावयाचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्या दस्तऐवजात मुदत घातलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. हक्क मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही. हे सर्व मी मालकांना कलमांसह लिहून कळविले आणि त्यांनी फार ताणून धरले नाही. पण त्या लिखापढीत पाच महिने गेले, तोवर प्रकाशकांचा त्या हंगामाचा विचार बदलला होता.

म्हणून सदर स्वीकारणाऱ्यांना माझी विनंती आहे की, पहिला लेख पाठविण्यापूर्वी संपादकांकडून चार ओळींचे पत्र मागून घ्यावे: सदराची मुदत, शब्दमर्यादा, मानधन, आणि पुस्तकाचे हक्क लेखकाकडे राहतील हे वाक्य. तोंडी होकारावर हे वाक्य सोडू नये. पत्र देण्यास संपादक कुचराई करू लागले, तर लेख फायलीत ठेवून दुसऱ्या साप्ताहिकाचा पत्ता शोधावा.